उतरला तोच मोजायचा

मरायच्या आधी एवढं तरी सांगून जायचं होतं की माझ्या नावानं काही करू नका. बाकी सगळं सांगत होतात. पाणी गाळून प्या, पोरींची शाळा सोडवू नका, कुरणात काडी पेटवू नका, पक्षी बसत असले की खोकलासुद्धा पदरात दाबा. ऐकून ऐकून कान किटले होते आमचे. आणि जे सांगायला पाहिजे होतं तेवढंच नेमकं राहिलं. दवाखान्यात बोलता येत होतं तोवर शाळेच्या छपराचं बोलत बसलात. त्या एका न सांगितलेल्या गोष्टीपायी सगळं गेलं. आता नमस्कार घ्या, गुरुजी. भांडण आधी आलं म्हणून नमस्कार मागं राहिला. माझी रीत तुम्हाला ठाऊक आहे.

बोलायचं असतं तर आपल्या अहिराणीत दोन शब्दांत सुनावलं असतं. पण लिहायला बसलं की तुम्ही गिरवून घेतलेलंच हाताला येतं. दुसरीतून घरी बसवलेली बाई मी, अक्षरं केव्हाच विसरले होते. दुपारच्या बायकांच्या वर्गात तुम्ही ती पुन्हा माझ्या बोटात घातलीत. चुका असतील. काढायला तुम्ही नाहीत, तेव्हा भीत नाही.

तुम्हाला तो पहिला दिवस आठवतो का, कोण जाणे. नवरात्र बसलेलं होतं. मी कुरणात शेळ्या घेऊन गेले आणि बघते तर शाळेचे गुरुजी बांधावर बसलेत, गळ्यात दुर्बीण, तोंड आभाळाकडे. मला वाटलं, माणूस एकटा राहून राहून डोक्यानं हलला. मी विचारलं, "गुरुजी, वर काय हरपनं तुमनं?" तुम्ही मान खाली न करता म्हणालात, "आक्का, पाहुणे यायचे आहेत." मी म्हटलं, "कोठला पाहुणा? घारी शेतस त्या." "घार नाही. घारीची शेपूट दुभंगलेली असते. हा भोवत्या. गवतावरून खालून खालून उडतो आणि रात्री गवतातच, जमिनीवर झोपतो. हिमालयाच्या पलीकडून येतो, आक्का, रशियाच्या माळावरून." मी म्हटलं, "इतला दूरथून इठे काय मरालें येस? आमचे गडी तर पिंपळनेरच्या बाजारालाही कंटाळतात." तुम्ही हसलात. हसलात आणि मला फसवलंत, कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याच बांधावर होते.

खरी गोष्ट अशी की मला शेपूट दिसलीच नव्हती. पक्षीसुद्धा धड दिसला नव्हता. काहीतरी हललं एवढंच. हे तुम्ही ओळखलंत, आणि साक्रीला डोळ्यांचं शिबिर लागलं तेव्हा मला एसटीत बसवून घेऊन गेलात. घरच्या कोणाला सुचलं नव्हतं. म्हातारीला काय बघायचंय, असंच सगळ्यांचं. चष्मा तुम्ही आणलात, काळ्या काड्यांचा, आणि माझ्या हातात देताना म्हणालात, "हा सरकारी कामाचा आहे, घरी सुनेवर लावायचा नाही." पण लावला मी. पहिल्याच सकाळी कोपऱ्यातली जाळी दिसली, भांड्याच्या बुडाची काजळी दिसली, आणि सून आठ दिवस तुम्हाला शिव्या देत होती. संध्याकाळी मात्र कुरणावर बसले आणि पहिल्यांदा दिसलं. एक तपकिरी मादी गवताच्या शेंड्यांना घासत आली, पंख जरा वर धरलेले, आणि वळली तेव्हा शेपटीच्या वर पांढरा पट्टा. लुगड्याच्या काठासारखा. मी "अगं माय!" म्हणाले, तर लगेच तुमचं बोट ओठांवर.

गप्प बसणं हीच तुमच्या मोजणीतली माझी शिक्षा होती. चार कोपऱ्यांवर चार माणसं. तुम्ही टेकाडावर, मी म्हसोबाच्या दगडापाशी, पिंपळनेरच्या बाजारातला शिंपी चाचा बाभळीखाली, आणि तुमचा आवडता विद्यार्थी, जो पुढं आमचा सरपंच झाला, तो नाल्याच्या काठाला. आपल्या खुणेपासून शेजारच्या खुणेपर्यंतचाच पक्षी आपला. दुसऱ्याच्या हद्दीतून शिरला तर कितीही छान दिसो, आपला नाही. ओटीत चिंचोके घेऊन बसायचं. पक्षी गवतात उतरला की एक चिंचोका डाव्या अंगाचा उजव्या अंगाला. उठून परत गेला की चिंचोकाही परत. वरून नुसता फिरतोय त्याला चिंचोका नाही. "उतरला तोच मोजायचा," तुम्ही दर संध्याकाळी म्हणायचात, जसं काही आम्ही कालचं विसरून येतो. अंधार पडला की चौघांनी येऊन उजवीकडचे चिंचोके तुमच्या टोपीत ओतायचे. तुम्ही ते मोजायचात आणि मग आमची तोंडं सुटायची. चाचा मला म्हणायचा, "आक्का, तुम्हारे इतने पाहुणे? म्हसोबा को क्या खिलाती हो?" मी म्हणायची, "तू कात्री लपव आधी. तुझी कात्री बघून तुझ्याकडे कोणी येत नाही." त्या माणसाला पक्ष्यांतलं काही कळत नव्हतं, मला थोडंबहुत, त्यालाही आणि मलाही तुमचा लोभ होता म्हणून आम्ही बसत होतो. पण बसता बसता काहीतरी लागलं आम्हाला. दिवसभर चिडलेली मी, त्या वेळी छातीवरून कोणी हात फिरवावा तशी निवांत व्हायची.

रागावलात ते एकदाच. त्या वर्षी पाऊस लांबला होता आणि पाहुणे थोडे आले. तुम्ही रोज टोपी बघून गप्प घरी जात होतात. मला बघवेना. एका संध्याकाळी मी उजवीकडे मूठभर चिंचोके जास्तीचे टाकले. तुम्ही ओतले, मोजले आणि माझ्याकडे बघितलंत. "म्हसोबाच्या बाजूनं इतके?" मी म्हटलं, "आले." चाचा खाली बघायला लागला. तुम्ही टोपी माझ्यापुढं पालथी केलीत, सगळे चिंचोके मातीत. "आक्का, मला बरं वाटावं म्हणून मोजायचं असेल तर उद्यापासून घरी बसा. जे नाही आले ते नाही आले. ते नाही आले हेसुद्धा कोणीतरी नीट बघायला पाहिजे." मी तिथंच तोंड सोडलं. म्हटलं, तुमचंच भलं करायला गेले, मेली जातच तशी तुमची मास्तर लोकांची. आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या आधी जाऊन बसले. ते वाक्य तुम्ही तेव्हा सहज बोललात. मला ते आता जड झालंय, तुम्हाला नाही.

त्या गवताचं सगळं तुम्ही जमवलं होतं. दिवाळीनंतर गावाचं कुरण कापायचं, गवत घरोघर वाटून घ्यायचं, ही आधीपासूनची रीत. तुम्ही ती मोडली नाहीत. तुम्ही दसऱ्याला नारळ घेऊन म्हसोबाकडं गेलात, चार म्हातारे सोबत घेतलेत, आणि सांगितलंत की म्हसोबापासून नाल्यापर्यंतचा पट्टा देवाचा, होळीपर्यंत त्याला विळा लागायचा नाही. लोकांनी गुरुजींचं ऐकलं की लोक म्हसोबाला भ्याले, ते तुम्हीही कधी विचारलं नाहीत. दर दसऱ्याला नारळ फुटायचा आणि पवन्या गवत कमरेएवढं उभं राहायचं, वाळून सोनेरी. त्यात पाहुणे झोपायचे. एवढा एकच पट्टा. भोवताली सगळीकडं कपाशी आणि कपाशीवरची फवारणी. रात्रीला उतरायला त्यांना आमच्या शिवारात दुसरी जागा नव्हती, हे मला समजलं होतं. सरपंचालाही समजलं असणार असं मी धरून चालले होते. तो तर तुमच्या पायाशी बसून शिकलेला.

तुम्ही गेलात पावसाळ्यात. त्या दसऱ्याला नारळ सरपंचानंच फोडला, रडत फोडला. आम्ही तिघं बसलो, टेकाडावर कोणी नव्हतं. पाहुणे आले. भरपूर आले, चिंचोके तुमच्या टोपीत जेमतेम मावले. टोपी चाचानं जपून ठेवली होती, तीत ओतले आम्ही. मी तर त्या संध्याकाळी तोंड सुटायची वेळ झाली तरी गप्पच होते, याची चाचानं नंतर बाजारात गोष्ट करून सांगितली.

पुढच्या वर्षी लेकीचं बाळंतपण होतं. ती जळगावजवळ असोद्याला दिलेली, पहिलटकरीण, पण सासू पाठीनं अधू, तिला टाकून माहेरी येता येईना, म्हणून मीच गेले. दसरा तिकडंच झाला. केळीच्या बागांत अंधार लवकर पडतो, मला संध्याकाळ झाली की कुरणाची आठवण यायची, आणि मी लेकीवर खेकसायची. नात झाली, बारसं झालं, आणि निरोप आला की गुरुजींचा कार्यक्रम आहे, या. मी जळगावहून धुळ्याला, धुळ्याहून साक्रीला, तिथून मिळेल त्या गाडीनं, अंग मोडून पोहोचले. गावात शिरता शिरता लाउडस्पीकर ऐकू आला. कुरणाच्या बाजूनं.

पट्टा कापलेला होता, गुरुजी. म्हसोबापासून नाल्यापर्यंत. नुसता कापला नव्हता, झाडला होता. बायकांनी खराटे घेऊन झाडला, शेणाचा सडा घातला, रांगोळ्या काढल्या. मधोमध सिमेंटचा ओटा, त्यावर काळी फरशी, फरशीवर तुमचं नाव आणि खाली एक पक्षी कोरलेला. पक्षी कसला, कबुतर होतं ते. खुर्च्या मांडलेल्या. धुळ्याहून पाहुणे आलेले, माणसं पाहुणे. आणि एक सांगते, खोटं बोलणार नाही, पहिल्या क्षणी मला ते बरं दिसलं. वाटलं, चला, आपल्या गुरुजींचं कोणीतरी केलं. इतकी स्वच्छ जागा मी गावात लग्नाला पण पाहिली नव्हती. मग चाचा दिसला. सगळे समोर बघत होते, तो एकटा मागच्या खुर्चीत मान वर करून. "आक्का," तो एवढंच म्हणाला, "ऊपर देखो."

सूर्य डोंगराला टेकलेला. तुमचे पाहुणे आले होते. एक आला, दोन आले, मग नाल्याच्या अंगानं आणखी. रोजच्यासारखे खाली घसरत यायचे, आणि तिथं गवत नाही म्हणून पुन्हा उचलायचे. वर जाऊन फिरायचे. पुन्हा खाली. लाउडस्पीकरवर कोणीतरी साहेब सांगत होता की या थोर शिक्षकानं मुक्या पाखरांवर प्रेम करायला शिकवलं, आणि मुकी पाखरं त्याच्या डोक्यावर घिरट्या घालत होती, आणि तिथं जमलेल्या सगळ्या बठ्ठ्या माणसांत मान वर केलेली माणसं दोन. मी सवयीनं ओटीत हात घातला. चिंचोके नव्हते, बाळंतविड्याचा डिंक होता कागदात. मी उठले आणि मधोमध गेले. सरपंच स्टेजवरून धावत आला, मला वाटलं मला हाकलायला, तर तो हात धरून ओट्याकडं न्यायला आला होता. "आक्का, या या, पहिला हार तुम्हीच घाला."

मी म्हटलं, "गवत कोनी कापं?"

"आमी बठ्ठासनी कापं, आक्का. गुरुजीसनाच करता. लोकांना बसायला जागा पाहिजे ना."

"वर दख."

त्यानं बघितलं. तुमचाच विद्यार्थी तो, त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. बघता बघता त्याच्या हातातला हार खाली आला. पाहुणे एका मागून एक पश्चिमेच्या घाटाकडं निघाले, अंधारात. तिकडं कुठं उतरले, उतरले का, की रात्रभर उडत राहिले, आम्हाला कोणाला ठाऊक नाही. सरपंचानं हार खुर्चीवर ठेवून दिला. मग मला म्हणाला, "आक्का, गवत परत उगी ना?" लहान पोरानं विचारावं तसं. मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही. तुमच्यासमोर मी ते शब्द कधी वापरले नाहीत.

गवत उगवलं असतं, गुरुजी. गवताला काय लागतं. पण मग ओटा झाकला जायचा. ओट्यापाशी दर वर्षी कार्यक्रम ठरलेला, बाहेरून माणसं यायची, शाळेची पोरं प्रभातफेरी घेऊन यायची. सरपंच मध्ये उभा राहिला एकदा, म्हणाला गवत राहू द्या, तर तुमचेच जुने विद्यार्थी त्याच्या अंगावर आले. गुरुजींच्या ओट्यावर जंगल माजवायचं का? आणि मग एका साहेबानं सांगितलं की गुरुजींना निसर्गाची आवड होती, तर झाडं लावा. लावली. सुबाभळी, निलगिरी, सरळ रांगेत, प्रत्येकाच्या घरातून एक. सुनेनं आमच्याही घरातून एक नेलं, माझ्या नावानं पाणी घातलं. झाड लावणाऱ्याशी भांडता येतं का? मी भांडले. लोकांनी हात जोडून मला घरी आणून सोडलं. तुमच्या पाहुण्यांना झाडात झोपता येत नाही, त्यांना मोकळा माळ लागतो, हे सांगायला गेले तर म्हणतात, आक्का, पक्षी झाडावरच बसतात ना? शाळेतलं पोरगं पण सांगेल.

तुमचा कोणी वैरी नव्हता, हाच घात झाला. वैऱ्यानं नांगर घातला असता तर मी आडवी पडले असते, गावही पडलं असतं. हे तर सगळं तुमच्या लोभानं झालं. खराटा मारणाऱ्या बाया तुमच्याच वर्गातल्या. मला एकावरही हात टाकता येत नाही. सरपंच आता सरपंच नाही, पण दसऱ्याला एकटा येतो, म्हसोबाला नारळ फोडतो आणि नाल्याच्या काठाची अरुंद पट्टी, बैलगाडी जाईल एवढी, विळ्यावाचून ठेवतो. त्याबद्दल आम्ही एकमेकांशी बोलत नाही. चाचा सुरतला लेकाकडं गेला आणि तिकडंच वारला म्हणतात. तुमची टोपी तो घेऊन गेला की टाकली, मला विचारता आलं नाही. ज्या बाळंतपणाला मी गेले होते ती नात आता चुरूचुरू वाचते, सुट्टीला येते आणि गावात नवीन झालेल्या एसटीडीच्या बूथवरून आईशी बोलते. तिला मी कुरण दाखवलं. ती म्हणाली, "आजी, किती छान बाग आहे." तिला काय बोलणार.

मी जाते अजून. नवरात्र बसलं की ओटीत चिंचोके घेते आणि म्हसोबाच्या दगडापाशी बसते, झाडांच्या रांगांकडं पाठ करून, नाल्याच्या पट्टीकडं तोंड करून. सून म्हणते, म्हातारी देवाला बसते. म्हणू दे. बसते, सूर्य जातो, डावीकडचे चिंचोके डावीकडंच राहतात. किती वर्षं झाली ते सांगत नाही. गेल्या वर्षी एकदा काहीतरी तपकिरी पट्टीवरून गेलं. माझा हात चिंचोक्याकडं गेला. पण उतरलं की नाही ते मला दिसलं नाही, आणि दिसलं नाही म्हणून मी चिंचोका हलवला नाही. टोपी पालथी केलेली मला विसरता येत नाही.

आता जे लिहिते ते कोणाला सांगितलेलं नाही. तुमचा चष्मा अजून तोच आहे. एक काडी दोऱ्यानं बांधलीय. नंबर केव्हाच वाढलाय, मला ताटातला खडा दिसत नाही. नात माझ्या मागं लागलीय, आजी, धुळ्याला चल, नवा करू, एका दिवसाचं काम आहे. मी काहीतरी कारण सांगते. कधी गुडघा, कधी शेळी व्यायलीय. खरं कारण असं आहे की या चष्म्यातून मोकळं आभाळ दिसलं तर मी स्वतःला म्हणू शकते की आले असतील, आपल्याला दिसले नाहीत. नवा चष्मा लावून बसले आणि तरीही कोणी आलं नाही, तर ते आलेच नाहीत. ते नीट बघायला पाहिजे कोणीतरी, असं तुम्ही म्हणाला होतात. माझ्याच्यानं ते होत नाही, गुरुजी. बाकी सगळं केलं. एवढं होत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. ओट्यावर ठेवलं तर उद्या कोणी त्यालाही हार घालेल. ज्वारीच्या कणगीमागं सरकवून देते.

आणि तुम्ही उत्तर द्यायचं नाही. तुम्हाला सगळ्यांच्या वतीनं बोलायची खोड होती, पाहुण्यांच्या वतीनंसुद्धा. आता नाही. उत्तर त्यांनी द्यायचं, ज्यांना आम्ही मोजत होतो त्यांनी. वरून फिरून दिलेलं मी धरणार नाही. खाली उतरून द्यायचं. तोवर तुम्ही तोंडावर बोट ठेवून बसा, मी बसत होते तसे.